बोंडं संपली की येते

काजूचं बोंड झाडावरून काढायचं नाही, आपणहून खाली पडलेलंच उचलायचं. दोडामार्गात सासरी मला शिकवलेला हा पहिला नियम. पडलेलं बोंड पुरतं पिकलेलं असतं आणि त्याच दिवशी गेलं तरच गोव्यातला भट्टीवाला ते घेतो. त्याच्या रसाची दारू फार वासाची होते म्हणे. मी कधी चाखली नाही, पण वीस वर्षं तिच्याच चाकरीत आहे.

पूर्वी या चाकरीला शेवट होता. थंडी पडायची, मोहोर यायचा, एप्रिलअखेर बाग मोकळी व्हायची आणि मी आरोंद्याला आईकडे पंधरा दिवस जायचे. आता थंडी तोंड दाखवून पळते. ढगाळ हवेत मोहोर करपतो, पुन्हा येतो, पुन्हा करपतो. एकाच झाडावर मोहोर, हिरवी बी आणि पिकलेलं बोंड. मग रोज थोडी थोडी पडत राहतात. मजूर लावावा इतकी नाहीत, सोडून द्यावी इतकी कमीही नाहीत. नवरा सकाळच्या गाडीने गोव्याला कारखान्यात जातो. उरलं कोण? मी.

भट्टीवाला बोंड पिळून रस बोटावर घेतो आणि तोंड वाकडं करतो. "रस पाणचट झालो, वयनी. ऊनच नाय तर गोडी खंयसून येतली?"

जसे काही ढग मीच आणले!

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यापायी दोनदा पुढे ढकललं होतं. घरात ती एकटी, सोबतीला कोणी हवंच. फोनवर माझं ठरलेलं, "बोंडां संपली की येतंय." यंदा मे उजाडला तरी ती संपेनात, आणि तिला तिसरी तारीख मिळाली. तेव्हा मी नको ते शहाणपण केलं. जायच्या आदल्या दिवशी लांब काठीच्या आकडीने पोचतील तेवढी पिकत आलेली सगळी बोंडं उतरवली. खाली पडायला फारसं काही उरलंच नाही तर चार दिवस मला कोण विचारतंय! पडलेल्यांत ती मिसळली, क्रेट भरून संध्याकाळीच भट्टीवाल्याकडे धाडले, नवऱ्याला चकार शब्द बोलले नाही आणि सकाळी आरोंदा गाठलं.

धड दिसत नसताना आईने माझ्यासाठी खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. जेवायला बसलो आणि नवऱ्याचा फोन आला.

"भट्टीवाल्यान बोंडां परत केल्यान. काढलेली आसत म्हणता. उद्या पडलेली मेळाली नायत तर परत येवचोच नाय. तू येतंस मा?"

ऑपरेशन परवा होतं. नवरा फोनवर ओरडूनच बोलतो, आईने सगळं ऐकलं.

"जा गो," ती म्हणाली. "संध्याकाळची गाडी आसा. माझो डोळो खंय पळान जाता?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ती जा म्हणाली आणि मला हायसं वाटलं. जेवतानाही माझं लक्ष खिडकीतल्या ढगांकडेच होतं, इतकी मी त्या बागेची झाले आहे. त्याची लाज मला अजून वाटते.

निघाले तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. मी डावीकडे वळून पाणंदीत थांबले, मागे पाहिलं. ती समोरच्या माडाकडे बघून हात हलवत होती.