बाबांचा मेक्सिकन

मी सिंगापूरला निघाले तेव्हा विमानतळावर इतरांच्या आया लाडवांचे डबे देत होत्या. माझ्या बाबांनी मला एका मेक्सिकन नटाचं चरित्र दिलं. स्वतः लिहिलेलं, चार पानी, झेरॉक्स. बाबा पुण्यातल्या एका फिल्म क्लबचे चिटणीस. प्रत्येक सिनेमाआधी असं पत्रक वाटायचा त्यांचा रिवाज होता, आणि लोक ते वाचतात असा समज.

हा नट तंबूतल्या खेळांत गाणी म्हणत वर आला. रुंद टोपी घालून घोड्यावरचे नायक केले, उतारवयात कडक बाप. मधल्या काळात हॉलिवूडने बोलावलं, पण तिथे एकामागून एक दरोडेखोरच वाट्याला आले, तेव्हा सामान बांधून परत गेला. शेवटच्या वाक्याखाली बाबांनी लाल रेघ मारली होती : 'मेक्सिकोच्या मातीतला माणूस मेक्सिकोलाच परतला.'

"वाचून ठेव," एवढंच म्हणाले.

पुढे दर फोनवर, "मग, आपला मेक्सिकन काय म्हणतोय?" म्हणजे, कधी परत येतेस. माझ्यासारखे जे इथे आले, त्यांच्या घरीही हा प्रश्न असतो. फक्त त्यात नट नसतो. दरम्यान माझा कामाचा पास जाऊन पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आला, टॅम्पिनीसला फ्लॅट झाला, मुलगी आजोबांना 'हो, चालेल'ऐवजी इथल्यासारखं "कॅन, लाह" म्हणू लागली. गेल्या वर्षी मी इथलं नागरिकत्व घेतलं. भारतीय पासपोर्ट परत केला. भाषणं, झेंडे, फोटो, सगळं रीतसर झालं. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं. चार महिने राहिलं.

मग एकदा मी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, जेवत असताना त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "फार मोठी चूक झालीय."

कुणीतरी सांगितलं, मला वाटलं. "बाबा, मी सांगणारच होते..."

"तू काय सांगणार? तुला तरी कुठे माहीत होतं! अगं, तो मेक्सिकन नव्हताच. स्पेनमध्ये जन्मला. तरुणपणी बोटीने मेक्सिकोला आला आणि तिथला झाला. क्लबातल्या एका नव्या मुलीने पुराव्यानिशी दाखवलं. मी शुद्धिपत्र काढतोय. हयात सभासद अकरा आहेत, सगळ्यांना घरपोच."

"पण परत गेला, ते?"

"गेला ना. जन्मला तिथे नाही, राहत होता तिथे. काम तिथे, माणसं तिथे. आणि मी माती-बिती लिहून बसलो."

याहून बरी वेळ मिळाली नसती. "बाबा, मी इथली नागरिक झाले."



"कधी?"

"चार महिने झाले."

"आणि आत्ता सांगतेस? मी काय सिनेमातला बाप आहे?"

मी इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्या आंटीने मला टिश्यू दिला. तेव्हा कळलं, मी रडतही होते.

गेल्या महिन्यात पुण्याला गेले. परदेशी नागरिकांच्या रांगेतून बाहेर पडून घरी पोचले. बाबांनी दार उघडलं, बॅग आत घेतली आणि विचारलं, "किती दिवस आहेस?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो नुसता प्रश्न होता. "दहा," मी म्हटलं, आणि चपला काढल्या.