गुरुवारची तालीम

आई गेल्यावर चौथ्या दिवशी थोरलीला कळलं की आई खोटं बोलत होती. एकदा-दोनदा नाही, बावीस वर्षं, दर गुरुवारी.

झालं असं, की नाट्यमंडळाचे मास्तर भेटायला आले. मंडळ हौशी. दिवसा नळ दुरुस्त करणारा माणूस तिथे संध्याकाळी राजा व्हायचा, आणि राजा वाक्य विसरला की विंगेतून आई ते पुरवायची. फाटलेले पोशाखही तीच शिवायची. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "बाईंनी एकही तालीम चुकवली नाही. गुरुवार तेवढा चर्चचा, म्हणून आम्ही गुरुवारी तालीमच ठेवली नाही."

थोरलीनं हातातला कप खाली ठेवला. तासाभरापूर्वी त्याच खुर्चीत चर्चमधल्या मावशी बसल्या होत्या, आईबरोबर वेदीवरची फुलं बदलणाऱ्या. त्या म्हणाल्या होत्या, "गुरुवार सोडून रोज यायची गं. गुरुवारी तिची तालीम."

घरीही तेच. गुरुवारी दोनच्या ठोक्याला बाबांचा चहा थर्मासमध्ये, गोळ्या वाटीत, आणि आई तालमीला. पाचला परत.

मग ते तीन तास कुठे?

थोरली बस डेपोत तक्रारीच्या खिडकीवर बसायची. खोटं बोलताना माणसाची नजर कुठे पळते, हे तिला तोंडपाठ होतं. आणि आपल्याच आईनं आपल्याला बावीस वर्षं गुंडाळलं, या विचारानं तिचं डोकं तापलं. त्यात रविवारी चर्चमध्ये आईच्या आठवणी सांगायला तिलाच उभं राहायचं होतं. फादरनी प्रार्थनासभेची पत्रिकाही छापून घेतली होती: 'जिला विश्रांती ठाऊक नव्हती.'

"जिचा पत्ता मला माहीत नाही, तिच्याबद्दल मी काय कपाळ बोलू?" ती नवऱ्यावर खेकसली. नवरा शहाणा होता. भांडी घासायला उठला.

पहिला संशय चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यावर. विधुर माणूस, अक्षर सुरेख, गाण्यांचे कागद आईला स्वतः लिहून द्यायचा. थोरलीनं त्याला गाठलंच.

"गुरुवारी दुपारी कुठे असता तुम्ही?"

"दातांच्या दवाखान्यात. कवळ्या बनवतो मी. गुरुवारीही लोकांना चावायचं असतं, ताई."

तिनं दवाखान्यात जाऊन खात्री करून घेतली. माणूस खरं बोलत होता. तिला त्याचाही राग आला.

शेवटी ती नाट्यगृहाच्या रखवालदारकाकांकडे गेली. प्रश्न विचारला, आणि काकांची नजर मागच्या खोलीच्या कुलपाकडे गेली.

"उघडा," थोरली म्हणाली.

"त्यात काय आहे? नाटकाचं सामान."

"काका, मी दिवसाला शंभर खोटी माणसं बघते. उघडा."

खोलीत लाकडी तलवारी, पुठ्ठ्याचा खांब आणि दिवाणखान्याच्या प्रवेशातला जुना सोफा होता. सोफ्यावर राजाचा मखमली झगा घडी घालून ठेवलेला. शेजारी बाटलीच्या झाकणात कानात घालायचे कापसाचे दोन बोळे.

"झोपायची," काका म्हणाले.

"कोणाबरोबर?"

"तोंड सांभाळ, पोरी!" म्हातारा ताडकन उसळला. "मी बाहेरून कुलूप लावायचो. तिनंच सांगितलेलं. कोणी शोधत आलं तर खोली बंद म्हणून सांगायचं. पावणेपाचला दार वाजवायचं. बास."

थोरलीचा विश्वास बसेना. दुपारी आडवी झालेली आई तिनं धाकट्या भावंडाच्या बाळंतपणातसुद्धा पाहिली नव्हती. तिनं सोफ्यावर हात फिरवून पाहिलं. एकच खळगा, लहानसा, गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्या बाईचा. उशाला एक लांब पांढरा केस.

"झोपायचंच होतं तर घरी नव्हती का जागा?"

"घरी?" काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "घरी तू होतीस ना."

आई, माझं बटण तुटलंय. आई, पोराला जरा बघ. आई, तुझ्या हातचा चहा. थोरलीला आपलाच आवाज ऐकू आला आणि ती बाहेर पडली.

रविवारी ती पत्रिका हातात घेऊन उभी राहिली.

"इथे छापलंय की आईला विश्रांती ठाऊक नव्हती. साफ खोटं आहे. ती इथे तालीम सांगायची, मंडळात चर्च सांगायची आणि दर गुरुवारी कुलूपबंद खोलीत तीन तास झोपायची. आपण तिच्यासाठी दुसरी वेळच ठेवली नव्हती. मी तर नव्हतीच ठेवली."

फादर खोकले. पहिल्या बाकावरून बाबांनी मोठ्यानं विचारलं, "म्हणजे तालीम?"

"तालीम नव्हतीच, बाबा."

कुणी हसलं नाही. थोरलीनं सवयीनं समोरच्या नजरा पाहिल्या. पुरुष तिच्याकडे बघत होते. बायका मात्र बघत नव्हत्या. कुणी छताकडे, कुणी खिडकीकडे. आणि फुलंवाल्या मावशी घाईघाईनं चपलेचं बक्कल नीट करायला वाकल्या होत्या.

त्यांच्या चपलेला बक्कलच नव्हतं.