चौथरा रिकामा ठेवणारे सर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडळाच्या संग्रहालयात कपाटांच्या काचा पुसत होते. त्यांच्या सुनेनं सांगितलं, "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले आणि..." मी फोन ठेवला, राहिलेल्या दोन काचा पुसल्या आणि मगच निघाले. काम अर्धवट टाकून आलेली सरांना खपली नसती. त्याला आता दीड महिना होईल.

माधव कुबल सर आमच्या इतिहास मंडळाचे संस्थापक, निवृत्त शिक्षक आणि माझ्या मते अख्ख्या मालवणातला सर्वांत हट्टी माणूस. मी मंडळाची चिटणीस. पंधरा वर्षं त्यांच्याशी भांडले, आणि त्या भांडणांचाही मला आज अभिमान वाटतो. बाजारामागच्या आमच्या चिरेबंदी इमारतीत खाली संग्रहालय, वर कार्यालय. लोक काय काय आणून देत. गंजलेला होडीचा नांगर, खाडीत सापडलेले चिनी मातीचे तुकडे, जुन्या समया... सरांचा नियम असा, की वस्तूखालच्या पाटीवर आधी देणाऱ्याचे शब्द लिहायचे, आमचं संशोधन त्यानंतर. एका होकायंत्राखाली लिहिलंय, 'हे आमच्या आजोबांच्या गलबतावर होते. ते कधी चुकले नाही, आजोबा दोनदा चुकले.' बाहेरून आलेले अभ्यासक ते वाचून आधी हसतात आणि मग हळूच वहीत उतरवून घेतात.

पण सर कळायचे तर नव्या दालनाची हकीकत सांगायला हवी. मसुऱ्याच्या बाजूच्या एका गावात देवळाबाहेर एक वीरगळ उघड्यावर होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. त्यावर गलबतं, वल्ह्यांची रांग आणि समुद्रात लढणारी माणसं. फोटो बघूनच मी वेडी झाले. देवळाचे मानकरी बाबल गावकर तोंडी 'न्हेवा' म्हणाले, आणि आम्ही उत्साहाच्या भरात दालनाच्या मधोमध चौथरा बांधला, वर दिवा लावला, उद्घाटनाच्या पत्रिका छापल्या. तेव्हा कुठे लक्षात आलं, की देवळाच्या आवारातली वस्तू हलवायची तर देवीचा कौल घ्यावा लागतो. चौथरा आधी आणि देवीला विचारणं नंतर, हा वेंधळेपणा आमच्याच मंडळाला जमावा.

सर पक्के नास्तिक. तरी धुवट सदरा घालून कौलाला गेले. मी पत्रिका वाटत इथेच राहिले होते, पण बरोबर गेलेल्यांनी सांगितलं, की गाऱ्हाण्याला सरांनी सगळ्यांबरोबर 'होय म्हाराजा' म्हटलं, तेही वर्गातल्या खणखणीत आवाजात. गुरवानं मूर्तीला पाकळ्या लावल्या. डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. देवीनं नकार दिला होता.

मी चिडले. "सर, वरून परवानगी आणू. एका पाकळीवर इतिहास सोडून द्यायचा? तुमचा तर विश्वासही नाही."

"माझो नाय, त्येंचो आसा," सर म्हणाले. "दगड त्येंचो. नाय म्हणलेला ऐकाचा नसात, तर इचारूक गेलंय कित्याक?"

उद्घाटनाला पाहुणे आले आणि रिकाम्या चौथऱ्याकडे बघत राहिले. त्यावर सरांनी पाटी ठेवली होती, 'येथे मांडायचा वीरगळ त्याच्या गावी आहे. देवीने नको म्हटले. तिथे जाऊन पाहावा.' खाली हातानं काढलेला नकाशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गावात पाऊल टाकणार नाही, असं मी रागानं ठरवलं आणि बारा वर्षं पाळलं. लोक मात्र नकाशा बघून जात राहिले. वस्तू उचलून आणणारी संग्रहालयं पुष्कळ असतील, माणसांना वस्तूच्या गावी धाडणारं संग्रहालय आमचं. हे मी आता छाती पुढे काढून सांगते. तेव्हा सांगितलं नाही, याची फार लाज वाटते.

गेल्या आठवड्यात बाबलकाका स्वतः कार्यालयात आले. म्हणाले, "मास्तर गेल्यार आमी परत कौल लावलो. देवीन उजवो दिल्यान. दगड घेवन जावा."

समितीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. माझाही. दुसऱ्याच दिवशी टेम्पो ठरवला आणि मी स्वतः पुढे बसून गेले.

दगड आता मधल्या वर्षांत घातलेल्या कौलारू छपराखाली उभा होता. वल्ही अगदी मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. फक्त वर बोटभर धूळ आणि सुकलेली पानं.

"ह्या वर्सा धुवक झाला नाय," बाबलकाका ओशाळून म्हणाले. "मास्तर दर मिरगाआधी येयत. दीसभर बसान मऊ ब्रशान धुयत. नुसत्या पाण्यान. आमका हात लावूक देयत नसत."

सरांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मगे बारा वर्सां नाय म्हणून आता कित्याक देतास?"

"आता तेका बघतलो कोण? म्हणान देवीक परत इचारला."

ज्या दगडासाठी मी सरांवर रुसले, तो आता मिळत होता, कारण त्याला सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं. टेम्पोवाला दोर घेऊन आला आणि किती माणसं बोलवू म्हणून विचारायला लागला. मी त्याला परत जायला सांगितलं.

"बाबलकाका, ब्रश खंय आसा?"

त्यांनी देवळातून आणून दिला. केस झिजून निम्मे झालेले, दांडीवर सरांच्या अक्षरात मंडळाचं नाव. मी पदर खोचला आणि पाणी मागितलं.