मास्तरांची दुसरी चाल

जुन्नरच्या बँडमास्तरांची एक चाल आमच्या दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना पाठ आहे. लेक सासरी निघाली की जुन्नरात काय आणि आंबेगावात काय, तीच वाजते. मास्तरांनी ती ऐन पंचविशीत स्वतः क्लॅरिओनेटवर बसवली. तिला शब्द नाहीत, तरी बायका तिला गाणंच म्हणतात. मी ती किती लग्नांत ऐकली ते एकदा मोजायला बसलो. नुसती भावकीतली लग्नं धरून त्रेचाळीसपर्यंत आलो आणि नाद सोडला.

त्यांची दुसरी चाल मी एकदाच ऐकली.

तेव्हा मी येडगाव धरणावर नोकरीला होतो. सकाळी आठला आणि दुपारी चारला पाण्याची पातळी पाहायची आणि वहीत लिहायची. एका दुपारी धरणाच्या रस्त्यावर बँडचा टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. वाजवणारे बाभळीखाली पडले होते. मास्तर मात्र भरावावर पाण्याकडे तोंड करून एकटेच वाजवत होते. चाल खालून सुरू व्हायची, तीन वेळा एकाच सुरावर येऊन थांबायची आणि चौथ्या वेळी तिथं न थांबता वर निघून जायची. ती वर कुठं जाते हे ऐकायला मी थांबलो, आणि थांबूनच राहिलो.

संपल्यावर विचारलं, “मास्तर, ही कुठली?”

“आपलीच हाय. लई वर्सं झाली बसवून.”

“लग्नात कधी ऐकली नाही.”

बाभळीखालून ढोलवाला हसला. “ऐकंल कोण, पावणं? उद्या मास्तर गेलं, तरी लोक मयतीत म्हणत्याल, ती पाठवणीचीच वाजवा!”

“तू वाजव की,” मास्तर म्हणाले. “मला कुठं ऐकाय लागणार हाय!”

त्या दिवशी पातळी घ्यायला मला वीस मिनिटं उशीर झाला. वहीत मी चार लिहिले नाहीत, चार वीस लिहिले.

पुढं सत्तावीस वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मंचरचा. बँड सांगायला मी जुन्नरला मास्तरांच्या दुकानात गेलो. लग्नसराई नसली की ते शिवणकाम करतात. बोलताना त्यांनी वरचे पुढचे दोन दात बोटानं हलवून दाखवले.

“हे गेलं की वाजवणं गेलं. क्लॅरिओनेट दातांवर धरावं लागतं, भाऊ. हा उन्हाळा शेवटचा.”

मी म्हणालो, “मग पाठवणीला धरणावरची वाजवा.”

त्यांनी मशीन थांबवलं. “तुमाला याद हाय ती?”

“तीनदा थांबते आणि चौथ्यांदा वर जाते.”

त्यांनी सुईखालचं कापड काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “कुणी मागितलीच न्हाई. आन् मागितल्याबिगर आमी वाजवत न्हाई.”

ही आमच्याकडची रीत आहे. पाठवणीला मुलीचा बाप मास्तरांच्या हातात नारळ देतो आणि चाल सांगतो. तो सांगेपर्यंत बँड गप्प असतो. एकदा सांगितलेली चाल गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत बदलत नाही, मधेच चाल बदलणं अशुभ धरतात.

घरी बायकोला हे पटलं नाही. “अहो, अनोळखी चालीवर कुणाला रडू येईल का? माणसं नुसती बघत राहतील.”

“बघू देत,” मी म्हणालो.

मास्तरांनी दोन महिने तयारी केली. रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते वाजवत बसायचे, असं त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलं. क्लॅरिओनेटच्या तोंडाला लावायची नवी पत्तीही आणली. मी मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं, की पाठवणीच्या आधीच मोबाईल सुरू कर, एक सूर सुटता कामा नये. चाल पुन्हा कुठं मिळणार नव्हती. सगळं दोनदा तपासलं होतं.

दुपारी साडेचारला मुलगी निघाली. मांडवातून गाडीपर्यंत तीस पावलं असतील. ती आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. माझ्या शर्टाची बाही धरून राहिली. कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला. समोर मास्तर उभे होते, नवा कोट घातलेले. त्यांनी पत्ती भिजली की नाही ते बघायला चालीचा पहिला तुकडा हळूच वाजवला आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. ही ना?

मी नारळ पुढं केला आणि म्हणालो, “आपली नेहमीची वाजवा, मास्तर.”

तोंडातून गेलं. त्या क्षणी मला तीच हवी होती. माझ्या बहिणी जिच्यावर गेल्या, ती. मास्तरांनी एकदाच मान हलवली आणि वाजवायला घेतलं. मांडवातली सगळी माणसं रडली, मीही रडलो. गाडी वेशीबाहेर गेली तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी काय केलं.

मास्तर क्लॅरिओनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवत होते. मी जवळ जाऊन पेटीचं झाकण धरलं. तेच म्हणाले, “काय राव, तुमी बी?” आणि हसले. “जाऊ द्या. लेक जाताना आसंच व्हतं.”

दिवाळीच्या आधी ते दात काढावे लागले. मी दोनदा दुकानात जाऊन म्हटलं, नुसती गुणगुणून तरी दाखवा. त्यांनी प्रयत्न केला, पण दुसऱ्या थांब्याशीच गप्प झाले. म्हणाले, “बोटांना येती, गळ्याला न्हाई येत.” मग त्यांनी मशीन सुरू केलं.

मेव्हण्याच्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. अकरा मिनिटांचं. त्यातले पहिले सहा सेकंद दुसऱ्या चालीचे आहेत, पहिल्या थांब्यापर्यंतचे. सातव्या सेकंदाला माझा आवाज येतो.

मुलीला ते पाठवलं तेव्हा तिचा फोन आला. “बाबा, आपलं गाणं काय सुंदर वाजवलंय मास्तरांनी!” मी हो म्हणालो.

आता चारच्या सुमाराला मी कधी कधी धरणावर जातो. सहा सेकंद ऐकतो, मोबाईल बंद करतो आणि पुढचं स्वतः गुणगुणून बघतो. दुसरा थांबा येतो, तिसराही येतो. चौथ्याला वर जायला बघतो आणि दर वेळी गळ्यातून नेहमीचीच निघते.