राऊटरसाठी स्थळं बघताना

मुलीसाठी स्थळं बघताना दमलो नव्हतो, तेवढा मी राऊटर बघताना दमलो.

धाकटी बहीण दरवर्षी पाथर्डीकडच्या घराला कुलूप लावून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. आई शेवगावात माझ्याकडे असते. संध्याकाळी उसाच्या फडातून कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटावर, आलं की बहिणीला आई दिसली पाहिजे. नाहीतर ती भाकरीला हात लावत नाही, असं दाजी सांगतात. मोबाईल दिला तर आई तो कानाला लावते, मग बहिणीला नुसता कान दिसतो. म्हणून आईच्या पलंगासमोर कॅमेरा लावला, जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती सर्व्हर केला. आईचं चित्र कुठल्या परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून कशाला जायचं? पण कंपनीनं दिलेला राऊटर बाहेरून कुणालाच आत घेईना, सख्ख्या लेकीलाही नाही. तेव्हा ठरवलं, ओपन सोर्स. ज्याचं पोट उघडून बघता येतं, पटलं नाही तर बदलता येतं.

राऊटर म्हणून वीतभर रुंदीची लोखंडी डबी आणली. पंखा नाही, आवाज नाही, अगदी खानदानी. तिच्यावर एकेक सॉफ्टवेअर चढवायला लागलो. पहिलं भारदस्त, पाहुण्याचं कूळ विचारल्याशिवाय आत न सोडणारं. दुसरं हुशार, पण फार बोलकं. तिसऱ्याचं तर मलाच काही कळलं नाही. सकाळी टेबलावर सगळी गुणी. संध्याकाळी डबी आईच्या पलंगाशेजारच्या फळीवर ठेवली आणि बहीण समोर आली की थोड्या वेळात मान टाकायची.

"दादा, आई गेली!" फोनवर बहीण ओरडायची.

"अभद्र बोलू नको गं! राऊटर गेलाय."

बायको म्हणाली, "अहो, आता शिवराळ तरी बोला, निदान करमणूक होईल." माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी डबी बंद करायला हात घातला आणि चटकाच बसला. तव्यावर घातल्यासारखा. वर क्रोशाचा जाड रुमाल. आमच्याकडे टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांवर रुमाल असतो. त्यामुळे तो रोज बघूनही मला दिसला नव्हता.

"आई, हे तू झाकलंस?"

"मग? धूळ बसती. अन् चोरून न्हाई झाकलं, तुझ्याम्होरंच झाकते रोज."

रुमाल काढला. डबी निवली, पुन्हा सुरू केली, चित्र ठणठणीत. मी विजयी मुद्रेनं फोन कानाला लावला.

"दादा," बहीण म्हणाली, "माझा रुमाल कुठं गेला?"

लग्नाआधी तिनंच विणलेला. पलंगाशेजारची फळी कॅमेऱ्यात येते, हे मला माहीत होतं. आईनं तो तिथं का घातला, ते नव्हतं.

"त्यो दिसला की तिला आपल्या घरात बसल्यागत वाटतं रं," आई म्हणाली.

खानदानी डबी दुसऱ्या दिवशी कपाटात गेली. माळ्यावर पडलेला दुसराच एक जुना प्लास्टिकचा राऊटर काढला, त्याच्यावर सगळ्यात साधं, हलकं सॉफ्टवेअर घातलं. फारसं काही येत नाही त्याला. पण रुमालाखाली तापत नाही, आणि राऊटरांच्या तुलनेचे मी जे तक्ते पाहिले, त्यातल्या कुठल्याच तक्त्यात हा रकाना नव्हता.

संध्याकाळी आईनं रुमालाचं टोक सारखं केलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"दिसतंय का? जेव आता."

तिकडून ताटलीचा आवाज आला. मी पलंगाच्या कडेला तसाच आडवा झालो.