दोन दात्यांची चूक

आमच्या भाऊजींइतका बरोबर माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि बरोबर असण्याचा एवढा त्रास घरच्यांना दुसऱ्या कोणी दिल्याचंही माझ्या ऐकिवात नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्स ऑफिसर होते. आता निवृत्त होऊन बदलापुरात, बेलवलीला राहतात. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला क्लच कसा सोडावा ते शिकवतात. कुणाच्या घरी गेले की यजमानांआधी पंख्याकडे बघतात आणि "बेअरिंग गेलंय" म्हणून मगच नमस्कार करतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते जनरेटरवाल्याशी भांडत होते. व्हिडिओत भटजींच्या "सावधान" पाठोपाठ त्यांचा आवाज अजून स्पष्ट ऐकू येतो, "अरे, लोड बघ की, लोड!"

पण त्यांचा खरा जीव मोटारसायकलच्या टायमिंगमध्ये. बिल्डिंगखाली कुणी गाडी चालू केली की हातातला चहा तसाच ठेवून ते गॅलरीत यायचे, मान तिरकी करायचे आणि वरूनच निदान सांगायचे, "चेन ढिली झालीय, टेंशनर बघ." ज्याने खालून "काय म्हणालात काका?" असं विचारलं, त्याचा रविवार गेला. भाऊजी खाली उतरून गाडी उघडायचे आणि व्याख्यान सुरू व्हायचं. "हे बघ, खाली पिस्टन वर-खाली करतो. वर दोन व्हॉल्व्ह उघडमीट करतात. ते कधी उघडायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो, आणि त्याला खालच्या चाकाशी बांधून ठेवते ही चेन. खालची खूण जागेवर आली की त्याच वेळी वरच्या दातेरी चाकावरची, म्हणजे स्प्रॉकेटवरची खूणही जागेवर पाहिजे. एक दाता चुकला तर गाडी खोकते. दोन चुकले तर उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आपटला म्हणून समज." चेन बसवली की ते इंजिन हाताने सावकाश फिरवून खुणा पुन्हा तपासायचे. एवढा हळुवारपणा ताईच्या वाट्याला कधी आल्याचं मला आठवत नाही.

व्याख्यान संपलं की ऐकणाऱ्याला वर शोकेसपाशी नेलं जायचं. ताईच्या काचेच्या बाहुल्या आणि निवृत्तीचं मानचिन्ह यांच्या मधोमध दोन वाकलेले व्हॉल्व्ह आणि एक स्प्रॉकेट मांडून ठेवलेलं होतं. "हे आमच्या बंधूंचं कर्तृत्व," भाऊजी म्हणायचे. ताई नेमकी त्या वेळी स्वयंपाकघरात जायची.

हे बंधू म्हणजे भाऊजींचे धाकटे भाऊ. हेंद्रेपाड्यात राहतात, अगदी चालत जाण्यासारखं घर. पूर्वी दोघांची मिळून एक जुनी मोटारसायकल होती आणि तिला ते बाहेरच्या कुणाला हात लावू देत नसत. एकदा त्यांनी तिचं हेड उघडलं तेव्हा मी खुर्ची टाकून गंमत बघत बसलो होतो. कॅमशाफ्टचं स्प्रॉकेट झिजलं होतं, म्हणून भाऊजींनी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारातून नवं आणलं. धाकट्यांनी खुणा जुळवल्या, चेन चढवली, बोल्ट आवळले. घरी पाहुणे यायचे होते आणि भाऊजींना घाई झाली होती.

"दादा, थांब. एकदा हाताने फिरवून बघू," धाकटे म्हणाले.

"बाजूला हो," म्हणत भाऊजींनी किक मारली. ती अडकली. त्यांनी आणखी जोरात मारली आणि आतून कट् असा आवाज आला.

तेवढ्यात पाहुणे आले, आणि त्यांच्यादेखत भाऊजींनी धाकट्यांना जे झोडपलं, ते ऐकून मला उठून जावंसं वाटलं. "तुझे हात इंजिनाला लावायच्या लायकीचे नाहीत. म्हणूनच कुठे टिकत नाहीस तू!" धाकट्यांची नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती. त्यांनी हात पुसले, चपला घातल्या आणि ते निघून गेले. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. धाकट्यांच्या मुलीच्या लग्नाला ताई एकटी गेली आणि अक्षता टाकून न जेवता परतली. त्यांच्या आईच्या तेराव्याला दोन्ही मुलगे मांडवाच्या दोन टोकांना उभे होते, आणि लोक कोणाकडे आधी जावं या पेचात पडत होते.

गेल्या वर्षी भाऊजी शेजाऱ्याची गाडी उघडून बसले होते. मॉडेल तेच. नवं, कंपनीचं स्प्रॉकेट हातात होतं. मला समजावून सांगावं म्हणून त्यांनी शोकेसमधलं, तेव्हा बाजारातून आणलेलं काढलं आणि एकावर एक ठेवलं. बोल्टची भोकं जुळली, दाते जुळले. खुणा जुळेनात. भाऊजींनी चष्मा पुसला, पुन्हा ठेवून पाहिलं.

"मी उलटं धरलंय का रे?" त्यांनी मला विचारलं.

मला इंजिनातलं काही कळत नाही, पण दोन खुणांमध्ये दोन दात्यांचं अंतर होतं, एवढं दिसत होतं. बाजारातल्या त्या डुप्लिकेट तुकड्यावर खूणच चुकीच्या जागी ठोकलेली होती. धाकट्यांनी खुणेबरहुकूम चेन बसवली होती. तुकडा आणला होता भाऊजींनी, आणि किकही त्यांनीच मारली होती. दारात उभी असलेली ताई एवढंच म्हणाली, "दर दिवाळीला पुसत होते मी ते."

त्याच संध्याकाळी भाऊजी मला घेऊन हेंद्रेपाड्याला गेले. धाकट्यांनी दार उघडलं, आत घेतलं, चहा दिला, पंखा लावला. भाऊजींनी पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून दोन्ही स्प्रॉकेटं काढून टीपॉयवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, दादा," धाकटे म्हणाले. "गाडी गेली होती त्या कॅम्प दोनच्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी हेड खोललं तेव्हा मी गेलो होतो तिथे. तो म्हणाला, माल डुप्लिकेट है, भाई, निशान ही गलत है."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आलो होतो. तुम्ही दार उघडलं नाहीत. आतूनच म्हणालात, नोकरी लागली की ये."

भाऊजींना ते आठवतही नव्हतं. हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि धाकट्यांनाही दिसलं असणार. त्यांनी स्प्रॉकेटं उचलून भाऊजींच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "चहा घ्या ना, गार होतोय."

आता भाऊजी अधूनमधून हेंद्रेपाड्याला जातात. तिथे भांडण नाही, टोमणा नाही. धाकटे उठून खुर्ची देतात, "तुम्हाला साखर चालते ना?" असं विचारतात, निघताना फाटकापर्यंत सोडायला येतात. परवा मी बरोबर होतो. परतताना आम्ही चालतच निघालो. शेजारून एक मोटारसायकल भयंकर फटफटत गेली, तरी त्यांनी मान तिरकी केली नाही.

"लहानपणापासून मला अरे-तुरे करायचा तो," ते एकदम म्हणाले. "आई किती रागवायची, मोठ्या भावाला अहो म्हण म्हणून. मारसुद्धा खाल्लाय त्यापायी. पण शेवटपर्यंत ऐकलं नाही तिचं."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आता म्हणतो, बघ."