बायकोची कवळी

माझ्या बायकोचे सगळे दात काढले तेव्हा तिला त्रेपन्नावं लागलं होतं. हिरड्या पाच-सहा वर्षांपासून सुजायच्या, रक्त यायचं, पुढचे दात हलायला लागले होते. मी तेव्हा रोहिणखेडकडच्या एका शाळेत शिकवत होतो. तिला मलकापूरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. उरलेले चौदा दात ठेवण्यात अर्थ नाही, असं त्यांनी सांगितलं. चार खेपांत ते काढले. हिरड्या भरून यायला अडीच महिने लागतील, मग कवळीसाठी माप घेऊ, असं ठरलं.

ते अडीच महिने ती घराबाहेर पडली नाही. भाकर वरणात कुस्करून खायची, तीही माझं जेवण झाल्यावर, स्वयंपाकघरात एकटी. शेगावला तिच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. पाय दुखतो म्हणून सांगायला लावून मला एकट्यालाच पाठवलं. माझ्याशी बोलतानाही पदर तोंडाशी असायचा. मी म्हटलं, माझ्यापुढे कसली लाज. तिने पदर आणखी घट्ट धरला.

दात निवडायच्या दिवशी डॉक्टरांनी तिच्यापुढे रंगांची पट्टी धरली. पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत लहान लहान दात ओळीने बसवलेले. वयाला थोडा पिवळसर रंग शोभतो, उगाच नजरेत येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही ते पटलं. मग मी आमचा एक जुना फोटो खिशातून काढला. तिचा समोरचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. डॉक्टरांना मी विचारलं, तसाच बसवता येईल का. येईल, असं ते म्हणाले.

बायकोने पदर बाजूला केला आणि ती म्हणाली, "जलमभर वाकडेच होते माये दात. आता पैसे देऊन वाकडे कायले घेऊ?"

तिने पट्टीवरचा जवळजवळ सगळ्यात पांढरा दात दाखवला. निम्मे पैसेही तिनेच दिले, ब्लाउज शिवून साठवलेले. माझा फोटो मी परत खिशात ठेवला.

कवळी बसली त्या दिवशी तिने दवाखान्याच्या आरशात बराच वेळ पाहिलं. परत येताना एसटीत ती खिडकीशी बसून हसत होती. मला मात्र ते हसू तिचं वाटेना. दोन-तीन महिने घरात दुसरीच कुणी बाई वावरते आहे असं वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. हळूहळू सवय झाली. मग जुना दात आठवायचा तर फोटो पाहावा लागे.

त्यानंतर अकरा वर्षं मी तिला कवळीशिवाय पाहिलं नाही. ती कवळी कधी काढते, कशी धुते, कुठे ठेवते, मला काही ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही.

मागच्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. बुलडाण्याच्या एका दवाखान्यात ठेवलं. तिथल्या नर्सने एक प्लास्टिकची पिशवी आणून माझ्या हातात दिली. आत कवळी होती. "सांभाळून ठेवा, बाबा, हरवते," एवढं म्हणून ती गेली. वरची आणि खालची, दोन्ही. हिरड्यांचा गुलाबी रंग जागोजाग उडालेला होता. आत भाताचं एक शीत अडकलेलं होतं. मी पिशवी शर्टच्या खिशात ठेवली आणि औषधं आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या डॉक्टरांना फोन करून साफ कशी करायची ते विचारलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दवाखान्यातल्या बेसिनपाशी उभा राहून मी ती रोज धुवायचो आणि स्टीलच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायचो. बायको डोळे मिटून पडलेली असायची. काळजी वाटायला हवी होती. मला फक्त पाणी बदलायचं लक्षात राहायचं.

तीन आठवड्यांनी घरी आणलं. उजवी बाजू गेलेली, तोंडही त्या बाजूला ओघळलेलं. शब्द अडखळत यायचे. कुणी भेटायला आलं की ती तोंड भिंतीकडे फिरवायची. येणाऱ्यांना वाटायचं, ओळखत नाही. मला कळायला चार-पाच दिवस लागले. मग मी डबा घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. तिने डब्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दरवाजा लावा," ती म्हणाली.

मी दार लावलं. वरची कवळी बसली, खालची काही बसेना. डॉक्टरांकडे नेऊन आतून नवा थर लावून आणला तेव्हा ती थोडी ठरायला लागली. पुढे सात महिने हे रोजचं काम झालं. सकाळी चहाच्या आधी दार लावायचं, कवळी ओली करायची, आधी वरची, मग खालची. झोपताना काढायची. एकदा माझं बोट दातांत सापडलं. ती घाबरली. मी म्हटलं काही नाही, आणि खरंच काही वाटलं नव्हतं.

ती गेली ती दुपारी. जेवून झोपली होती, कवळी मी नुकतीच धुऊन डब्यात ठेवली होती. तीनच्या सुमारास चहाला हाक मारली तर उठली नाही. शेजारपाजारच्या बायका जमल्या. माझ्या मोठ्या वहिनी आल्या, त्यांनी सगळं हाती घेतलं. मी डबा उचललेला पाहून म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊजी ते. आता कायले पाह्यजे?"

"लोक येऊन राह्यले," मी म्हटलं.

मी बायकांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. वहिनी सगळ्यांना घेऊन गेल्या. जबडा अजून मऊ होता. आधी वरची बसवली, मग खालची. ओठ मिटवले, हनुवटीखालून फडकं बांधलं. मग वहिनींना आत बोलावलं आणि अंगणात लोकांमध्ये जाऊन बसलो. चेहरा किती चांगला दिसतो, असं बरेच जण म्हणाले. तिसऱ्या दिवशी राख सावडताना कवळीचा काही मागमूस नव्हता.

तेरवीनंतर महिनाभराने गल्लीतली एक सून आली. तिच्या सासूला नवी कवळी बसवली होती आणि म्हातारी ती ऊन पाण्याने धुवायची. चालते का, असं तिने विचारलं. मी सांगितलं, ऊन पाणी नको, वाकडी होते. टूथपेस्टने चरे पडतात, साबण आणि मऊ ब्रश वापर. धुताना खाली पाण्याचं भांडं ठेव, हातातून सुटली तर फुटणार नाही. झोपताना काढून साध्या पाण्यात ठेवायची, आणि पाणी रोज बदलायचं.

"तुमाले बरं ठाऊक आहे काकाजी," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ती गेल्यावर ओट्यावर बसून राहिलो. सासरी असलेली मुलगी रोज फोन करून विचारते, कसं वाटतं. रडू मला अजून आलेलं नाही. तिला मी सांगतो की जेवलो.